वळण दिलेलं पान

अच्युतचा मेसेज आला तेव्हा मी दुकानात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होते. नवऱ्यामुलाचे काका समोर ठाण मांडून बसले होते आणि आपलं नाव सगळ्यात वर का नाही, यावर त्यांची कुरकुर चालली होती. त्यांच्यापासून सुटका म्हणूनच मी फोन उचलला. त्या काळी आमच्या फोनवर मराठी उमटत नसे, नुसते चौकोन दिसत, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत लिहायचं. मेसेज एवढाच होता: ‘निसणी नाळेत पडलोय. पाय मोडला. जंगमांना सांग.’

लगेच फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी काकांना म्हटलं, दुकान बंद होतंय, उठा. ते म्हणाले, अहो पण माझ्या नावाचं काय. मी म्हटलं, घालते तुम्हाला सगळ्यांच्या डोक्यावर, पण आता उठा.

अच्युत परचुरे पाटबंधारे खात्यात आरेखक होता. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतल्या घाटवाटा आणि नाळा, म्हणजे कड्यातल्या उभ्या अरुंद घळी, तुडवायचा. आम्ही भोरचे आठ-दहा जण मिळून असे हिंडायचो आणि हिंडून आलो की आमच्या विकीवर लिहायचो. विकी म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या सासूला समजावताना माझे दात पडायची वेळ आली होती. कोणीही यावं, पान लिहावं, दुसऱ्यानं येऊन ते सुधारावं, आणि कोणी काय बदललं याची नोंद कायम राहावी, असा तो कारभार. प्रत्येक वाटेचं एक पान. पाणी कुठे आहे, दोर कुठे लागतो, कुठे चकायला होतं, सगळं त्यात. डोंगरात कोणी हरवलं तर जंगमांची माणसं आधी आमचं पान छापून घेत आणि मग निघत, इतकं आमच्या विकीचं नाव झालं होतं.

या विकीवर अच्युतनं स्वतःहून एक काम घेतलं होतं, पानांच्या नावांचं. नावं इंग्रजी अक्षरांत असायची, आणि इंग्रजीत अक्षर मोठं असतं आणि लहानही असतं. नावाचं अगदी पहिलं अक्षर कसंही टाका, विकी मानून घेतं. पण पुढच्या शब्दाचं अक्षर एकानं मोठं टाकलं आणि दुसऱ्यानं लहान, की त्याच्या लेखी ती दोन वेगळी पानं. मग एकाच वाटेची दोन-दोन पानं निघायची, अर्धी माहिती इकडे, अर्धी तिकडे. अच्युत चिडायचा. ‘आपल्या अक्षरांत असलं लहान-मोठं काही नाही,’ म्हणायचा, ‘ही इंग्रजांची जातपात आपल्या डोंगरात कशाला?’ मग तो एक पान खरं धरून दुसऱ्याला वळण द्यायचा. विकीच्या मराठीत त्याला पुनर्निर्देशन म्हणतात, पण जेवढा वेळ तो शब्द म्हणायला लागतो तेवढ्यात अच्युत चार पानं वळवायचा. वळण दिलं की लहान अक्षराचं नाव टाकणारा माणूस आपोआप मोठ्या अक्षराच्या पानावर जाऊन पोचतो. त्याला काही कळतही नाही.

आणि त्याचा दुसरा हट्ट म्हणजे सारांश. पानात काही बदललं की खाली एक छोटा रकाना असतो, काय बदललं आणि का, हे एका ओळीत लिहायला. बाकीचे तो रिकामा सोडायचे. अच्युत सोडायचा नाही आणि सोडू द्यायचा नाही. एक नंबरचा खडूस माणूस. माझं त्याच्याशी त्यावरून इतक्या वेळा वाजलं होतं की मी मुद्दाम सारांशात ‘अच्युतसाठी’ एवढंच लिहायचे.

मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर नाव टाकलं. माझी सवय सगळं लहान अक्षरांत टाकायची. निसणी नाळेचं पान आलं, मी ते छापलं आणि बापू जंगमांकडे धावले.

जंगमांची खडीची खाण होती. दोर, स्ट्रेचर, जीप, दमदार माणसं, सगळं त्यांच्याकडे तयार असायचं. त्यांनी कागद वाचला, मोरणवाडीतून उतरते ना ही, म्हणाले, आणि पोरांना हाका मारल्या. जीप अच्युतच्या दारावरून गेली तेव्हा रेवतीवहिनी, त्याची बायको, फाटकातच उभी होती. मीच तिला फोन केला होता. तिच्या हातात डबा होता. जंगम म्हणाले, वहिनी, तुम्ही घरी थांबा. ती मागे चढली.

‘दहीभात आहे,’ तिनं मला सांगितलं. ‘सकाळी काही न खाता गेला. म्हणाला, एक पान तपासून येतो. मी म्हटलं, कसलं पान तपासायला डोंगरात जायला लागतं तुला?’

मी म्हटलं, पाय मोडलाय म्हणजे बाकी धड आहे, मेसेज टाकतोय म्हणजे शुद्धीवर आहे, आणून जेवायलाच घालू. ते मी तिला धीर द्यायला म्हणत नव्हते. मला तसंच वाटत होतं.

एप्रिल होता. मोरणवाडी म्हणजे पठारावरची पंधरा-वीस घरं, आणि पुढे कोकणाकडे कडा कोसळलेला. निसणी म्हणजे लाकडाची शिडी. कड्यात जिथे चढता येत नाही तिथे गावकरी अशी शिडी लावतात आणि त्या नाळेला मग निसणीची नाळ म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. जंगमांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, निसणीची नाळ कुठली? तो म्हणाला, ही काय, हीच की. आज कोणी उतरलं का? आज तर कोणी दिसलं नाही. मग जंगमांनी मला विचारलं, परचुरेंची मोटारसायकल कुठाय? ती गावात कुठेच नव्हती.

‘एसटीनं आला असेल,’ मी म्हटलं. मला वहिनीसमोर दुसरं काही सुचेना.

अंधार पडेपर्यंत पोरं नाळेत हाका मारत उतरली आणि घसे बसवून वर आली. सकाळी पुन्हा उतरली, पार तळापर्यंत. ना बूट, ना रक्त, ना दगड सरकल्याची खूण. उन्हानं नाळ नुसती भट्टी झाली होती आणि आत पाण्याचा थेंब नव्हता. वहिनी शाळेच्या पडवीत डबा मांडीवर घेऊन बसली होती. दहीभात रात्रीच आंबला असणार, पण तो टाकून द्या असं तिला सांगायची कोणाची छाती झाली नाही.

दुपारी जंगम माझ्याकडे आले. चेहरा काळवंडला होता. म्हणाले, बाई, या कागदात काहीतरी राहिलंय. एखादा फाटा, एखादी बाजूची घळ. तुमचं ते पान पुन्हा नीट उघडून बघा. पठारावर रेंज नव्हती. एका पोराला घेऊन मी जीपनं खाली वेल्ह्याला गेले आणि तिथल्या नेट कॅफेत बसले.

नेट मेलेलं होतं. मी नाव टाकलं आणि पान येईना. पांढऱ्या पडद्यावर आधी वरचं शीर्षक आलं, मग शीर्षकाखालची एक बारीक ओळ आली, आणि तिथेच सगळं थांबलं. मी टेबलावर बोटं आपटत होते. कॅफेवाला म्हणाला, ताई, येईल, जरा दम धरा. डोळ्यांसमोर ती एकच ओळ होती, म्हणून मी ती वाचली. एरवी ती कोणीच वाचत नाही. वळण दिलेल्या प्रत्येक पानावर ती असते, अमुक नावावरून इथे पुनर्निर्देशित. निसणी नाळेचं लहान अक्षराचं पान कधीतरी होतं आणि ते इकडे वळवलं होतं, एवढाच तिचा अर्थ. आमची अशी शेकडो पानं होती.

एरवी मी पुढे गेले असते. पण पुढे काही आलंच नव्हतं. मी त्या नावावर टिचकी मारली आणि त्या जुन्या पानाचा इतिहास उघडला.

त्यात दोनच नोंदी होत्या. पहिली कोणा मास्तरांची, तीन वर्षांपूर्वीची, आणि त्यांनी आमच्या विकीवर लिहिलेलं ते एकच पान. चार ओळींचं. नाळ आडशेत गावातून चढते. गावाच्या देवळापासून वाट. जुनी निसणी मोडली आहे, तिच्या वरचा कातळ सुटा आहे, वर जाऊ नये. आडशेत कोकणात, महाड बाजूला. मोरणवाडीचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता. ती वेगळीच नाळ होती, मधे आडवे डोंगर टाकून पलीकडची. तिथल्या लोकांनीही आपल्या शिडीच्या नाळेला निसणीचीच नाळ म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार?

दुसरी नोंद त्या पानाला वळण दिल्याची. सारांश: ‘तेच पान, अक्षराचा फरक.’ आणि कोणी दिलं त्याचं नाव.

त्याच पानाला जोडलेल्या चर्चेच्या जागेत मास्तरांनी नंतर एक ओळ टाकलेली होती. ‘ही आमच्या आडशेतची नाळ आहे, माझं पान परत द्यावं.’ तीन वर्षं तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. तिच्याखाली परवाच्या तारखेचं उत्तर होतं. ‘प्रत्यक्ष बघून येतो. मग ठरवू.’ सही अच्युतची.

मी मोरणवाडीतल्या एकमेव फोनवर फोन लावला, जंगमांना बोलावून घेतलं आणि ओरडून सांगितलं, आपण चुकीच्या नाळेत आहोत, आडशेत, खाली, कोकणात. जंगम म्हणाले, म्हणजे अख्खा घाट उतरून पलीकडे जायचं?

जायचं म्हणजे काय, दुसरा रस्ताच नव्हता. जीप माझ्याकडे होती म्हणून ते सगळे पायीच उतरायला लागले होते, मी वाटेत त्यांना गाठून आत घेतलं. जीप घाटाची वळणं घेत उतरत होती आणि जंगम सगळा वेळ शिव्या घालत होते. एरवी तोंडातून अपशब्द न काढणारा माणूस. ‘कुठल्या गाढवानं ही दोन पानं एक केली? त्याला आधी त्या नाळेत नेऊन बसवतो. घरात बसून बोटं चालवायला काय जातं यांच्या बापाचं!’

मी खिडकीबाहेर बघत होते.

‘कोणी केलं हो हे?’ वहिनीनं विचारलं. ती माझ्याकडेच बघत होती.

‘त्यावर नाव नाही,’ मी म्हटलं.

‘तुमच्यात तर सगळ्यावर नाव असतं. तोच सांगायचा मला.’

‘जुन्या नोंदींवर कधी कधी नसतं, वहिनी.’

डबा तिनं पायाशी ठेवला होता.

आडशेतच्या देवळासमोर अच्युतची मोटारसायकल उभी होती. गावातले म्हणाले, काल सकाळपासून आहे, आम्हाला वाटलं पाहुणा कोणाकडे आलाय. देवळाजवळ फोन हातात धरून फिरत होता, एवढं एकानं पाहिलं होतं. नाळ गावातून दिसत होती. संध्याकाळच्या उजेडात पोरं वर गेली आणि मी आणि वहिनी देवळाच्या पायरीवर बसलो. थोड्या वेळानं एक पोरगा उतरून आला. तो सरळ आमच्याकडे आला नाही. आधी मोटारसायकलपाशी जाऊन उभा राहिला. तेव्हाच मला कळलं, आणि मला वाटतं वहिनीला माझ्याही आधी कळलं होतं.

मोडलेल्या निसणीच्या खाली, एका दगडाच्या आडोशाला तो टेकून बसलेला सापडला. पाय त्यानं शर्टाच्या पट्ट्यांनी बांधला होता. पाण्याची बाटली रिकामी होती. महाडच्या डॉक्टरांना जंगमांनी विचारलं, कधी गेला असेल? डॉक्टर म्हणाले, फार वेळ झालेला नाही, आज दुपारपर्यंत असावा. जंगम तिथल्या बाकावर बसले आणि त्यांनी टोपी तोंडावर धरली. आज दुपारी मी वेल्ह्याच्या कॅफेत बोटं आपटत होते.

मला अच्युतचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं बरं नव्हे, पण मला आला, आणि तो रडण्यापेक्षा जास्त होता. एका लहान अक्षरासाठी. जरा थांबून त्या चार ओळी वाचल्या असत्या तर? गावाचं नाव तरी बघितलं असतं तर? सगळ्या जगाला सारांश लिहायला लावणाऱ्या माणसानं पान न वाचता वळवलं. आणि वाचून कळल्यावर एकटाच निघाला, मला एक शब्द न सांगता.

हवालदारानं त्याच्या खिशातल्या वस्तू वहिनीच्या हातात दिल्या. त्यात फोन होता, चालू, अगदी थोडं चार्जिंग उरलेला. वहिनीनं दवाखान्यातल्या नर्सकडे चार्जर मागितला. त्या सगळ्या गोंधळात तिनं मागितलेली ती एकच गोष्ट. पुढे घरीही तिनं तो बंद पडू दिला नाही.

आमच्यात ज्यांना विकी कळत होतं त्यांनी इतिहास उघडून पाहिला आणि ते गप्प राहिले. जंगमांना कोणी सांगितलं नाही. ते भेटतील त्याला विचारत, सापडला का तो गाढव? आम्ही म्हणायचो, बघतोय. ते वळणही कोणी काढलं नाही. कोणाचा हातच पुढे होईना.

तेरावं झालं आणि दोन दिवसांनी रेवतीवहिनी माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक होतं, त्याला मी उद्या या म्हटलं. तिनं फोन माझ्यासमोर ठेवला.

‘मी यातलं सगळं बघितलं,’ ती म्हणाली. ‘चार वेळा मला लावलाय. दोनदा तुम्हाला. लागलेला नाही. एवढं मला कळतं. पण सगळ्यात शेवटी तो काय करत होता, तर हे. हे तुमचं विकी.’ तिचा आवाज चढला नाही. ‘घोटभर पाणी नाही, पाय तुटलेला, आणि हा माणूस तुमचं पान दुरुस्त करत बसला होता. मला एवढंच सांगा, शालनताई. मी त्याची कोण होते?’

मी फोन हातात घेतला. न गेलेले दोन निरोप होते, दोन्ही मला. ‘आडशेतकडून या.’ मग मी दुसरी खिडकी उघडली. लहान अक्षराचं निसणी नाळेचं पान त्यात बदलायला उघडलेलं होतं. गावात देवळापाशी रेंज होती, तिथेच त्यानं ते सकाळी उघडून ठेवलं असणार. वळणाची ओळ पुसलेली होती. तिच्या जागी मोडकंतोडकं एक वाक्य होतं, आडशेत गावातून, देवळापासून वर. खालच्या रकान्यात सारांश होता. मग त्यानं जतन करायला दाबलं होतं, आणि खाली यंत्राचं उत्तर आलं होतं, पाठवता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करा.

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. तिला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं.

‘वहिनी, तो विकी करत बसला नव्हता. तो आपल्याला बोलवत होता.’

मी तिला समजावलं. मेसेज गेल्यावर त्याच्या लक्षात आलं असणार की शालन आता नाव टाकेल, पान छापेल आणि जंगमांना मोरणवाडीला घेऊन जाईल. ते नाव टाकलं की कुठे नेतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फोन लागेना, निरोप जाईना. मग एकच उरलं. ते पान सुधारलं तर आम्ही कुठूनही, कधीही उघडलं तरी आडशेत दिसलं असतं.

‘त्याला कसं ठाऊक, कुठे नेतं ते?’

मी फोन तिच्यापुढे धरला आणि सारांशाच्या रकान्यावर बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरांतली ती ओळ तिनं सावकाश, ओठ हलवत वाचली.

‘दोन वेगळ्या नाळी आहेत. वळण मी दिलं होतं. काढतोय.’

बाहेर कोणीतरी झेरॉक्स मिळेल का विचारलं, मी हातानंच नाही म्हटलं.

‘जीपमध्ये तुम्हाला माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘जंगम शिव्या देत होते तेव्हा.’

‘हो, वहिनी.’

तिनं पदरानं डोळे पुसले, मग त्याच पदरानं फोनची काचही पुसली. ‘मग ते काढा आता,’ ती म्हणाली. ‘त्याचं अर्धं राहिलंय.’

मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. वळणाची ओळ पुसली, मास्तरांच्या चार ओळी परत आणल्या, सुट्या कातळाची सूचना सगळ्यात वर घेतली. सारांशाच्या रकान्यात त्याची ओळ होती तशी लिहिली. जतन करताना मी वहिनीकडे पाहिलं, आणि तिनं मान हलवली.

मग मी नाव टाकून पाहिलं, नेहमीसारखं, सगळं लहान अक्षरांत. आडशेतचं पान आलं. शीर्षकाखालची ती बारीक ओळ आता नव्हती.